दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ : ओळख, गाव आणि शेतकऱ्यांसाठी उपयोग

पहिला पाऊस पडला की पनवेल, उरण, पेण, कर्जत भागातून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : खात्रीची कलमे कुठे मिळतील? दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे नाव सांगितले की बहुतेक जण म्हणतात, "एवढ्या लांब कोण जाणार?" मग रस्त्याकडेला उभ्या असलेल्या टेम्पोतून रोपे घेतली जातात. भाताचे बियाणे चुकले तर ते त्याच हंगामात कळते. कोकम, जायफळ, आंबा किंवा काजूचे रोप चुकले तर ते सहा-सात वर्षांनी कळते. तोपर्यंत खत, पाणी, राखण आणि मजुरी खर्च झालेली असते आणि गेलेली वर्षे परत येत नाहीत.

विद्यापीठाचे मुख्यालय दापोलीला असले तरी विद्यापीठ फक्त दापोलीत नाही. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत त्याची संशोधन केंद्रे आहेत आणि त्यांतील दोन, पनवेल आणि कर्जत, नवी मुंबईच्या अगदी जवळ आहेत. कोणते काम कोणत्या केंद्रावर होते, तेथून काय घ्यायचे आणि दापोलीपर्यंत खरोखर कधी जायचे, याची माहिती या लेखात दिली आहे.

विद्यापीठाची स्थापना आणि कार्यक्षेत्र

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे १९६८ मध्ये आणि अकोल्याचे १९६९ मध्ये सुरू झाले. परभणी आणि दापोली येथील विद्यापीठे १८ मे १९७२ रोजी एकाच दिवशी स्थापन झाली. दापोलीचे कृषी महाविद्यालय मात्र त्याआधीपासून, म्हणजे १९६५ पासून सुरू होते. कोकण कृषी विद्यापीठ या मूळ नावाला २००१ मध्ये डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव जोडण्यात आले. बाळासाहेब म्हणजे प. कृ. सावंत हे राज्याचे कृषिमंत्री होते आणि १९६३ मध्ये काही दिवस त्यांनी मुख्यमंत्रिपदाची धुराही सांभाळली होती.

पालघर, ठाणे, मुंबई, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला सुमारे ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा आणि मध्ये अरुंद पट्टी अशी या भागाची रचना आहे. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि फेब्रुवारीनंतर विहिरी तळ गाठतात. डोंगरउतारावर जांभ्याची आम्लधर्मी, निचऱ्याची वरकस जमीन, सखल भागात भाताची खाचरे आणि खाडीकाठी खार जमीन असते. देशावर तयार झालेली शिफारस इथे जशीच्या तशी चालत नाही. कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठ असण्याचे मुख्य कारण हेच आहे.

कृषी विद्यापीठ हे इतर विद्यापीठांपेक्षा वेगळे असते. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनीच्या आधारावर शेतीची महाविद्यालये उभी राहिली. पुढे शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करण्याची पद्धत तिथे रुजली. आपल्याकडे याच धर्तीवर १९६० मध्ये पंतनगर येथे पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. विद्यार्थी शिकवणे जसे विद्यापीठाचे काम आहे, तसेच शेतकऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देणे हेही त्याचे काम आहे. तिथे प्रश्न घेऊन जाणारा शेतकरी कोणाचे उपकार मागत नसतो.

दापोली : विद्यापीठाचे गाव

दापोली हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे ठिकाण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फूट उंचीच्या पठारावर गाव वसले आहे. सरळ रेषेत समुद्र सात-आठ किलोमीटरवर असला तरी उंचीमुळे हवा किनाऱ्यापेक्षा थंड असते, म्हणून पर्यटक त्याला मिनी महाबळेश्वर म्हणतात. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी इथे लष्करी तळ ठेवला. जुनी माणसे अजूनही "कॅम्प दापोली" म्हणतात, त्या नावाचे मूळ हेच आहे.

शिक्षणाची परंपरा विद्यापीठाच्या कितीतरी आधीची आहे. पां. वा. काणे यांचे शालेय शिक्षण दापोलीत झाले. धोंडो केशव कर्वे यांचे मुरूड आणि साने गुरुजींचे पालगड ही दोन्ही गावे याच तालुक्यात आहेत. काणे आणि कर्वे हे दोघेही भारतरत्न. शिकण्यासाठी बाहेरगावची मुले येऊन राहण्याची सवय या गावाला जुनी आहे. विद्यापीठ आल्यावर राज्याच्या सर्व भागांतून विद्यार्थी येऊ लागले. विदर्भ-मराठवाड्यातून आलेला मुलगा इथे पहिल्यांदा जांभ्याचा कातळ आणि भाताचे खाचर पाहतो. खोल्या, खाणावळी, झेरॉक्सची दुकाने आणि रोपवाटिका यांवर गावातील अनेक घरांचा संसार चालतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने दापोलीचे महत्त्व तिच्या जमिनीत आहे. साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जांभ्याची उथळ माती, उतार, उन्हाळ्यातील पाणीटंचाई, वणवे, वानर आणि रानडुकरे या सगळ्या अडचणी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरही आहेत. तुमच्या वरकस जमिनीत येणारी अडचण तिथल्या बागेनेही सोसलेली असते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोली पट्ट्यातील नारळ, सुपारी, आंब्याच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पिढ्यान् पिढ्या जपलेल्या सुपारीच्या वाड्यांत काही ठिकाणी उभे झाड राहिले नाही. पुनर्लागवडीसाठी त्यानंतर रोपांची जी मागणी झाली, त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली : खात्रीच्या मातृवृक्षांची रोपवाटिका ही चैन नाही, ती गरज आहे.

केंद्रांचे जाळे : कोणत्या कामासाठी कुठे जावे

दापोलीत कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र आणि कृषी अभियांत्रिकी ही महाविद्यालये आहेत. याच तालुक्यात वाकवली येथे मध्यवर्ती संशोधन केंद्र आहे. दापोलीबाहेरील महत्त्वाची केंद्रे पुढीलप्रमाणे :

- पनवेल (रायगड) : खार जमीन संशोधन केंद्र. क्षारयुक्त जमिनीची सुधारणा आणि क्षार सहन करणारे भाताचे वाण.
- कर्जत (रायगड) : प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र. भातावरील प्रमुख केंद्र. "कर्जत" नावाचे सर्व वाण आणि "सह्याद्री" संकरित भात इथलेच.
- किल्ला-रोहा (रायगड) : कृषी विज्ञान केंद्र आणि काढणीपश्चात व्यवस्थापनाची पदव्युत्तर संस्था. प्रक्रिया उद्योग सुरू करणाऱ्यांनी इथे चौकशी करावी.
- श्रीवर्धन (रायगड) : सुपारी संशोधन केंद्र. "श्रीवर्धनी" ही जात इथली.
- पालघर : कृषी संशोधन केंद्र. उत्तर कोकणातील पिकांसाठी.
- शिरगाव (रत्नागिरी) : भात संशोधन केंद्र आणि मत्स्य महाविद्यालय. "रत्नागिरी" नावाचे भाताचे वाण या केंद्राचे.
- भाट्ये (रत्नागिरी) : प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र. नारळाची रोपे आणि नारळ बागेतील मसाला पिकांची "लाखी बाग" पद्धत.
- वेंगुर्ला (सिंधुदुर्ग) : प्रादेशिक फळ संशोधन केंद्र. काजू आणि आंबा.
- रामेश्वर, ता. देवगड (सिंधुदुर्ग) : आंबा संशोधन उपकेंद्र.
- मुळदे, ता. कुडाळ (सिंधुदुर्ग) : उद्यानविद्या महाविद्यालय.

विद्यापीठाने कोकणाला काय दिले

*कलमे करण्याच्या पद्धती.* पूर्वी आंब्याचे भेटकलम केले जाई. त्यासाठी कुंडीतील रोप मातृवृक्षाच्या फांदीजवळ बांधून ठेवावे लागे. त्यात वेळ जाई आणि कलमे कमी तयार होत. कोय नुकतीच रुजलेली असताना तिच्या कोवळ्या रोपावर कलम बांधण्याची कोय कलम पद्धत आणि काजूसाठी मृदकाष्ठ कलम पद्धत कोकणात रुजवण्यात विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हा लाखोंच्या संख्येने कलमांची गरज निर्माण झाली. ही तंत्रे आधी हातात नसती, तर कोकणातील डोंगरउतार एवढ्या वेगाने आंबा-काजूखाली आले नसते.

*काजू.* बियांपासून वाढवलेल्या गावठी काजूत प्रत्येक झाड वेगळे निघते. वेंगुर्ला केंद्राने वेंगुर्ला-१ पासून पुढे अनेक जाती दिल्या. त्यातील वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ सर्वाधिक पसरल्या. वेंगुर्ला-४ ची बी सरासरी पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, तर वेंगुर्ला-७ ची सुमारे १० ग्रॅम वजनाची असते. बी मोठी म्हणजे गर मोठा आणि दर चांगला.

*आंबा.* हापूसमधील साका आणि एक वर्षाआड येणारे पीक ही दोन जुनी दुखणी आहेत. त्यावर उपाय म्हणून नीलम आणि हापूस यांच्या संकरातून "रत्ना" ही जात १९८१ मध्ये प्रसारित झाली. रत्नामध्ये साका होत नाही आणि फळ जवळपास दरवर्षी लागते. रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून "सिंधू" आली. तिची कोय अगदी पातळ असते. लोणच्यासाठी "कोकण रुची" आहे. फळे देठासह उतरवण्यासाठी "नूतन" झेला विद्यापीठानेच तयार केला. देठ तुटला नाही तर चीक फळावर सांडत नाही, डाग पडत नाहीत आणि देठाकडून कुजण्याचे प्रमाण कमी होते.

*कोकम आणि मसाला पिके.* बियांपासून लावलेल्या कोकमात साधारण निम्मी झाडे नर निघतात आणि ती फळ देत नाहीत. नर-मादी ओळखायला फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे थांबावे लागते. जायफळातही हीच अडचण आहे. मादी झाडावरून बांधलेले कलम हाच यावरचा उपाय आहे. त्यासाठी कोकमात "कोकण अमृता" व "कोकण हातीस" आणि जायफळात "कोकण सुगंधा", "कोकण स्वाद", "कोकण श्रीमंती" या जाती उपलब्ध आहेत. दालचिनीत "कोकण तेज" आहे.

*भात.* वरकस आणि हलक्या जमिनीसाठी कर्जत-३, रत्नागिरी-१ असे हळवे वाण, मध्यम जमिनीसाठी कर्जत-५ सारखे निमगरवे आणि खोल पाणथळ खाचरासाठी कर्जत-२ सारखे गरवे वाण अशी निवड करता येते. खार जमिनीसाठी पनवेल-१, २ आणि ३ हे वाण आहेत. "सह्याद्री" हा विद्यापीठाचा पहिला संकरित भात १९९८ मध्ये आला.

*पाणी आणि पशुधन.* ओढ्यातील दगड आणि प्लास्टिक कागद वापरून कमी खर्चात बांधता येणारा "कोकण विजय बंधारा" आणि उतारावरील बागेत पावसाचे पाणी साठवणारे कागद अंथरलेले "जलकुंड" ही छोट्या बागायतदाराच्या आवाक्यातील तंत्रे आहेत. "कोकण कन्याळ" शेळी आणि "कोकण कपिला" गाय या स्थानिक जातींना नोंदणीकृत ओळख मिळवून देण्यातही विद्यापीठाने काम केले.

शिफारस कशी तयार होते

विद्यापीठाची शिफारस आणि दुकानदाराचा सल्ला यांत फरक आहे. एखादा वाण किंवा तंत्र काही वर्षे केंद्राच्या प्रक्षेत्रावर तपासले जाते, मग वेगवेगळ्या ठिकाणी आणि शेतकऱ्यांच्या शेतावर घेतले जाते. त्यानंतर चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत त्याची छाननी होते. तिथे मंजूर झाले तरच ते शिफारस म्हणून कृषी दैनंदिनीत छापले जाते. त्यामुळे शिफारशीतील आकड्यांना अर्थ असतो. ते अंदाजाने वाढवू किंवा कमी करू नयेत.

आंब्यासाठी पॅक्लोब्युट्राझॉलची शिफारस हे याचे चांगले उदाहरण आहे. दरवर्षी मोहोर यावा म्हणून हे संजीवक कसे वापरायचे, याचा अभ्यास विद्यापीठाने केला. शिफारस अशी आहे :

- झाडाच्या विस्ताराचा पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर व्यास मोजून सरासरी काढावी.
- दर मीटर व्यासाला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक द्यावा. बाजारातील २३ टक्के तीव्रतेच्या द्रावणाचे हे प्रमाण दर मीटरला ३ मिलिलिटर होते.
- उदाहरणार्थ, व्यास ८ आणि १० मीटर असेल तर सरासरी ९ मीटर. ९ गुणिले ३ म्हणजे २७ मिलिलिटर.
- ही मात्रा तीन ते सहा लिटर पाण्यात मिसळून, खोड आणि विस्ताराची कड यांच्या मध्यावर गोलाकार २५ ते ३० खड्डे १०-१२ सेंटिमीटर खोल घेऊन त्यांत समान ओतावी.
- वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. त्याआधी आळ्यातील तण काढावे.

अनेक बागांत व्यास न मोजता "झाडाला अर्धी बाटली" या हिशेबाने औषध ओतले जाते. लहान आणि अशक्त झाडांनाही तेच दिले जाते, त्याबरोबर वाढीव खत मात्र दिले जात नाही. चार-पाच वर्षांनी पालवी आखूड होते, फांद्या वाळू लागतात आणि दोष विद्यापीठाला दिला जातो. खरे तर ही शिफारस त्या बागेत पाळलीच गेलेली नसते.

मर्यादाही लक्षात घ्याव्यात

विद्यापीठाचे प्रत्येक संशोधन शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोहोचतेच असे नाही. रत्नाचे फळ गुणांनी चांगले असूनही वाशीच्या बाजारात हापूस या नावाला जी मागणी आहे, ती रत्नाला नाही. त्यामुळे संपूर्ण बाग रत्नाची लावण्यापूर्वी विक्री कुठे करणार याचा विचार करावा. थेट ग्राहकाला विकणाऱ्याने किंवा प्रक्रिया करणाऱ्याने काही झाडे जरूर लावावीत.

दुसरी मर्यादा रोपांच्या संख्येची आहे. मागणी जास्त आणि विद्यापीठाची कलमे मर्यादित असल्याने चांगल्या जातींची नोंदणी आधी करावी लागते. जून उजाडल्यावर गेलेला शेतकरी बहुधा रिकाम्या हाताने परततो. अशा वेळी खासगी रोपवाटिकेतून घेणे चूक नाही. मात्र ती परवानाधारक असावी, तिच्याकडे स्वतःचे मातृवृक्ष असावेत आणि पावतीवर जातीचे नाव लिहून मिळावे. मातृवृक्ष दाखवायला जो तयार नसतो, त्याच्याकडून कलम घेऊ नये.

नवी मुंबई परिसरातील शेतकऱ्यांसाठी

१९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईच्या आराखड्यात आल्या. भातखाचरे आणि मिठागरे यांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. उरलेली शेती आता तुकड्यातुकड्यांत आहे आणि त्यातील बरीच खाडीकाठची आहे. भराव आणि रस्त्यांमुळे पाण्याच्या जुन्या वाटा बदलल्या. त्यामुळे बांध फुटणे, उघाडी नादुरुस्त राहणे आणि भरतीचे पाणी शेतात शिरणे या तक्रारी वाढल्या आहेत. अशा शेतकऱ्याला दापोलीपेक्षा पनवेलचे केंद्र अधिक उपयोगी आहे.

खार जमिनीसाठी पुढील बाबी पाळाव्यात :

- मातीची विद्युत वाहकता तपासून घ्यावी. ती ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असेल तर जमीन क्षारयुक्त समजावी.
- बांध आणि उघाडीची दुरुस्ती मे महिन्यातच पूर्ण करावी. बांध फुटका असेल तर कोणताही वाण उपयोगाचा नाही.
- पहिल्या पावसाचे पाणी खाचरात साठवून क्षार विरघळू द्यावेत आणि ओहोटीच्या वेळी ते पाणी उघाडीतून बाहेर काढावे. हे दोन-तीन वेळा करावे. त्यानंतरच लावणी करावी.
- क्षार सहन करणारा पनवेल वाण निवडावा. रोपे थोडी जून असावीत आणि चुडात नेहमीपेक्षा एक-दोन रोपे जास्त ठेवावीत.
- भात निघाल्यावर जमीन उघडी ठेवू नये. उन्हाने खालचे क्षार वर येतात. पेंढ्याचे आच्छादन उपयोगी पडते.

कर्जत, खालापूर आणि पनवेलच्या आतील भागातील भातशेतकऱ्यांनी बियाण्यासाठी कर्जत केंद्राशी मे महिन्याच्या आधीच संपर्क साधावा. ऑक्टोबरमध्ये प्रक्षेत्रावर उभे वाण पाहून ठेवले तर पुढच्या वर्षीची निवड सोपी होते. पिशवीवरचे चित्र पाहून वाण निवडण्यापेक्षा उभ्या पिकात फिरून निवडणे केव्हाही चांगले.

दापोलीला कधी जावे

प्रत्येक कामासाठी दापोलीला जाण्याची गरज नाही. पुढील कामांसाठी मात्र प्रत्यक्ष भेट द्यावी :

- नवी फळबाग किंवा जुन्या आंबा बागेचे पुनरुज्जीवन ठरवताना. छाटणी केलेली झाडे आणि त्यांची वाढ प्रत्यक्ष पाहता येते.
- मिश्र बाग, जलकुंड किंवा अवजारे पाहून निर्णय घ्यायचा असेल तेव्हा.
- ओळखता न येणारी कीड, रोग किंवा झाडांची मर असेल तेव्हा. सोबत ताजा नमुना, त्याच झाडाचे निरोगी पान, माती आणि वापरलेल्या औषधांची यादी न्यावी.

नवी मुंबईहून मुंबई-गोवा महामार्गाने माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी ओलांडून खेडजवळ भरणे नाक्यावरून दापोलीला वळता येते. रेल्वेने खेड हे जवळचे स्थानक असून तेथून सुमारे ३० किलोमीटर रस्ता आहे. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट करू नये. मुक्काम करून सकाळी प्रक्षेत्र पाहावे आणि दुपारी तज्ज्ञांना भेटावे. शनिवार-रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत गावात पर्यटकांची गर्दी असते, त्यामुळे कामाचा दिवस निवडावा आणि आधी फोन करून वेळ घ्यावी. मत्स्यव्यवसायात रस असणाऱ्यांनी हर्णै बंदरावरील मासळीचा लिलाव पाहावा. समोर सुवर्णदुर्ग आहे, त्यामुळे घरची मंडळी सोबत असतील तर त्यांचाही दिवस चांगला जाईल.

मुलांच्या शिक्षणासाठी

बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेश बारावी विज्ञान आणि राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. उद्यानविद्या, वनशास्त्र, मत्स्यशास्त्र आणि कृषी अभियांत्रिकी या वेगळ्या पदव्या आहेत. फॉर्म भरताना "कृषी" एवढेच पाहून थांबू नये. दहावीनंतर कृषी तंत्र पदविकेचाही मार्ग आहे. नियम आणि जागा बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच निर्णय घ्यावा.

पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खरीप हंगामात गावात राहतात. त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. ही मुले गावात आली की अनेकदा फलक लावणे आणि फोटो काढणे एवढ्यावरच काम संपते. विस्तार कार्यकर्त्यांनी त्यांच्याकडून माती नमुने, बीजप्रक्रिया आणि बागांची मोजणी अशी कामे करून घ्यावीत. शेतकऱ्यांनीही त्यांना आपल्या बांधावर न्यावे. त्यांच्यामागे मार्गदर्शक प्राध्यापक असतात आणि मुलांमार्फत विचारलेला प्रश्न थेट त्यांच्यापर्यंत पोहोचतो.

थोडक्यात

- कलमांची नोंदणी पावसाळ्याच्या बरीच आधी करावी. जूनची वाट पाहू नये.
- कोकम आणि जायफळ बियांच्या रोपांपासून लावू नये. मादी झाडाची कलमे घ्यावीत आणि परागीकरणासाठी थोडी नर झाडे ठेवावीत.
- पावतीवर जातीचे नाव लिहून घ्यावे. लागवडीनंतर बागेचा नकाशा काढून कोणती जात कुठे लावली याची नोंद ठेवावी.
- खार जमिनीचा प्रश्न पनवेलला, भाताचा कर्जतला, सुपारीचा श्रीवर्धनला, नारळाचा भाट्येला आणि काजूचा वेंगुर्ल्याला विचारावा.
- कृषी दैनंदिनीची चालू वर्षाची प्रत घरात ठेवावी. जुन्या प्रतीतील कीडनाशकांची यादी वापरू नये, कारण काही औषधांवर नंतर बंदी येते.
- मंगळवार आणि शुक्रवारचा हवामान आधारित कृषी सल्ला पाहूनच फवारणी आणि काढणी ठरवावी.

लागवडीपूर्वी एक दिवस काढून जवळच्या केंद्रावर जाऊन यावे. सोबत सातबारा, माती परीक्षणाचा अहवाल आणि शेतातील पाण्याची सोय लिहिलेला कागद न्यावा. झाड पुढची तीस-चाळीस वर्षे त्याच जागी उभे राहणार असते, त्यामुळे हा एक दिवस वाया जात नाही.